कोण कोणाला फिरवतं?

बोइंग ७३७-८०० च्या इंजिनाकडे समोरून पाहिलं, तर पंख्याची २४ पाती मोजता येतात. याच घराण्यातलं जे इंजिन एअरबस ए-३२० ला लागतं, त्याला ३६ पाती. दोघांची जागा घेणाऱ्या नव्या लीप इंजिनाला १८. बोइंग ७७७ च्या अवाढव्य जीई-९० ला २२, आणि त्याचा वारस जीई-९एक्स तर १६ वर आला आहे. जुनी पाती अरुंद होती. ती थरथरू नयेत म्हणून त्यांना मध्यावर आडवे कान असायचे आणि शेजारच्या पात्याच्या कानाला टेकून ती एकमेकांना सांभाळायची. पातं रुंद झालं, ताठ झालं, कान गेले, संख्या घटली. विमानतळावर काचेपलीकडचं इंजिन ओळखायला मला पाती मोजली की पुरतं. घरच्यांना या सवयीचा कंटाळा आला आहे, तो भाग वेगळा.

म्हणून जेट इंजिनाच्या मॉडेलचं नवं खोकं उघडलं, की मी सूचनापुस्तिका बाजूला ठेवते आणि आधी पाती मोजते. बहुतेक वेळा जो आकडा येतो, त्याचा बाकीच्या भागांशी मेळ नसतो. पंखा एकाचा, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, टर्बाइनच्या स्टेज, म्हणजे पात्यांच्या रांगा, कारखान्याला परवडल्या तेवढ्या. खोक्यावर नुसतं ‘टर्बोफॅन’ लिहिलेलं असतं. विकणाऱ्याने कुठल्याच इंजिनाचं नाव घेतलेलं नसतं, त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. माझं काम तिथून सुरू होतं. या अनामिक इंजिनाला एक नाव द्यायचं आणि मग त्या नावाला शोभेल असं त्याला घडवायचं.

माझी नोकरी एका विमान कंपनीच्या इंजिन शॉपमध्ये झाली. पंखाखालून उतरवलेलं इंजिन यायचं, त्याचे मॉड्यूल सुटे व्हायचे, धुऊन-तपासून पुन्हा जोडले जायचे आणि इंजिन चाचणीच्या खोलीकडे रवाना व्हायचं. निवृत्तीनंतर तेच काम मी दहापट लहान आकारात करते. फरक इतकाच, की आता कागदावर सही करावी लागत नाही.

या छंदाचे ढोबळ तीन पंथ आहेत. पहिला प्लास्टिकच्या विमानांचा. त्यात इंजिन विमानाच्या पोटात असतं आणि झाकण लावलं की दिसेनासं होतं. तरीही झूकेई-मुरा या जपानी कंपनीने आपल्या १:३२ प्रमाणाच्या हॉर्टेन २२९ मध्ये जुमो ००४ ही इंजिनं ज्या निगुतीने दिली आहेत, ती पाहून झाकण लावायचा धीर होत नाही. दुसरा पंथ नुसत्या इंजिनांचा. एअरफिक्सने मुलांसाठी बॅटरीवर फिरणारं पारदर्शक इंजिन काढलं होतं. अलीकडे चीनमधून धातूचे, १:१० प्रमाणाचे, हजारभर सुट्या भागांचे संच येतात, आणि घरोघरी थ्रीडी प्रिंटर आल्यापासून तर हौशी लोक अख्खी इंजिनं छापून काढू लागले आहेत. मी या दुसऱ्या पंथातली.

तिसरा पंथ खरोखर जळणाऱ्या इंजिनांचा. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या कार्यशाळेत बनवलेल्या छोट्या टर्बाइनचा कंप्रेसर लाकडी होता, प्लायवूडचा, कार्बन तंतूंनी बांधलेला. तो चालला, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या हौशी मंडळींनी त्यावरून इंजिनं बनवली. आज जेटकॅटसारख्या कंपन्या अशी इंजिनं तयार विकतात. पाठीला पंख बांधून उडणाऱ्या स्वित्झर्लंडच्या इव्ह रोसी यांच्या पंखाखाली अशीच चार इंजिनं होती. ही मिनिटाला लाखभर फेरे घेतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्यापासून मी लांब राहते. एक सूचना मात्र इथेच करून ठेवते, कारण हा प्रकार मी पाहिलेला आहे. छापलेल्या प्लास्टिकच्या पंख्यावर गंमत म्हणून कंप्रेसरच्या हवेचा झोत मारू नका. पातं मुळाशी तुटलं की ते डोळ्याच्याच दिशेने येतं असं समजून वागा.

आता मूळ कामाकडे. धातूचा, १:१० प्रमाणाचा, बिननावाचा एक संच घेऊन मी त्याचं सीएफएम५६-७बी केलं. म्हणजे तेच, ७३७-८०० चं २४ पात्यांचं इंजिन. हे इंजिन निवडलं, कारण वाचकांपैकी पुष्कळ जण कधी ना कधी त्याच्या शेजारच्या खिडकीत बसलेले असतील. खऱ्या पंख्याचा व्यास ६१ इंच, म्हणजे सुमारे १५५ सेंटीमीटर. मॉडेलमध्ये तो साडेपंधरा सेंटीमीटर होतो. जेवणाच्या टेबलावर मावतो, फक्त मग त्या टेबलावर जेवता येत नाही.

पहिला अडथळा आला तो गिअरबॉक्सचा. संचात तो इंजिनाच्या पोटाखाली लोंबत होता. दिसायला छान, पण ७बी ला तो तिथे नसतो आणि नसण्याला इतिहास आहे. ७३७ हे विमान पहिल्यांदा उडालं १९६७ मध्ये, तेव्हा त्याची इंजिनं सिगारेटसारखी बारीक होती आणि विमान जमिनीला अगदी लगटून उभं राहायचं. सामान चढवायला, शिडी लावायला ते सोयीचंही होतं. पुढे १९८० च्या दशकात त्याच विमानाला मोठ्या पंख्याचं सीएफएम५६ लावायचं ठरलं, तेव्हा पंख आणि धावपट्टी यांच्यामध्ये जागाच उरेना. मग पंख्याचा व्यास आवरता घेतला, इंजिन पंखाच्या पुढे काढलं आणि पोटाखालचा गिअरबॉक्स उचलून पंख्याच्या आवरणाच्या बाजूला बसवला. आवरण खालून चपटं झालं. ७३७ च्या इंजिनाचं तोंड गोल नसून तळाशी दाबल्यासारखं दिसतं, ते यामुळे. एअरबसला पाय लांब असल्याने तिच्या सीएफएम५६ मध्ये गिअरबॉक्स पोटाखालीच राहिला. तेव्हा २४ पाती आणि खाली गिअरबॉक्स अशी जोडी दिसली, की ते इंजिन कुठल्याच विमानाला बसणारं नाही हे ओळखावं.

गिअरबॉक्स बाजूला न्यायचा म्हणजे नुसता एक डबा सरकवायचा नाही. त्यावर इंधनाचा पंप, तेलाचा पंप, हायड्रॉलिक पंप, जनित्र आणि स्टार्टर असतात, आणि त्या प्रत्येकाच्या नळ्या असतात. त्या सगळ्यांना नवे रस्ते काढावे लागले. हे करता करता मी त्या प्रश्नापाशी आले, ज्यावर या छंदातल्या बहुतेकांशी माझं जमत नाही. मोटर कुठे लावायची?

संचात मोटर इंजिनाच्या गाभ्यात लपवलेली असते. कळ दाबली की पंखा, कंप्रेसर, टर्बाइन सगळं एका शाफ्टवर, एका वेगाने गरगरू लागतं. पाहुणे खूष होतात. मला मात्र ते बघवत नाही, कारण खऱ्या इंजिनात असं कधीच घडत नाही. सीएफएम५६-७बी मध्ये दोन स्वतंत्र फिरते भाग आहेत, एकाच्या पोटातून दुसरा गेलेला. आतल्या लांब शाफ्टवर पुढे पंखा, त्यामागे कमी दाबाच्या कंप्रेसरच्या ३ स्टेज आणि थेट मागच्या टोकाला टर्बाइनच्या ४ स्टेज. बाहेरच्या पोकळ शाफ्टवर जास्त दाबाच्या कंप्रेसरच्या ९ स्टेज आणि त्यांना फिरवणारी टर्बाइनची एकच स्टेज. ७बी मध्ये पहिल्याचा शंभर टक्के वेग मिनिटाला ५,१७५ फेरे, दुसऱ्याचा १४,४६०. त्या दोघांना जोडणारा एकही दाता नाही. त्यांच्यामध्ये असते ती फक्त हवा.

इंजिन सुरू कसं होतं, ते पाहिलं की हे नीट कळतं. शेपटीतल्या छोट्या इंजिनाची दाबलेली हवा स्टार्टरला मिळते. स्टार्टर गिअरबॉक्स फिरवतो. तिथून एक आडवा दांडा, मग एक लहान गिअरबॉक्स, मग इंजिनाच्या मध्याकडे जाणारा त्रिज्येच्या दिशेचा दांडा, आणि शेवटी बेव्हल गिअरच्या जोडीवरून ती गती पोहोचते फक्त गाभ्याला, म्हणजे जास्त दाबाच्या शाफ्टला. पंख्याला स्टार्टर हातही लावत नाही. गाभा हवा ओढतो, ती हवा मागच्या टर्बाइनमधून बाहेर पडताना तिला ढकलते आणि मग पुढचा पंखा, अजून ठिणगीही पडलेली नसताना, आळस दिल्यासारखा फिरू लागतो. गाभ्याचा वेग साधारण २५ टक्क्यांवर गेला, की वैमानिक इंधन सोडतो. कोण कोणाला फिरवतं, याची ही साखळी म्हणजेच टर्बोफॅन इंजिन. मॉडेल जर ही साखळी दाखवत नसेल, तर त्यावर कितीही बारीक नळ्या चढवा, तो दागिना आहे.

म्हणून मी संचातली मोटर काढून टाकली. तिच्या जागी स्टार्टरच्या डब्यात एक एन-२० जातीची गिअर मोटर बसवली. शाळेतली मुलं रोबोट बनवायला वापरतात तीच, बोटाच्या पेरापेक्षा लहान. बेव्हल गिअर मोडक्या रिमोटच्या गाडीच्या डिफरन्शियलमधून निघाले. त्रिज्येचा दांडा सायकलच्या आऱ्यातून कापला. स्टेनलेस स्टीलचा २ मिलिमीटरचा आरा या कामाला इतका चपखल आहे, की तो दुसऱ्या कशासाठी बनवला असेल असं वाटत नाही. बाहेरचा पोकळ शाफ्ट पितळी नळीचा, आतला स्टीलच्या सळईचा, आणि प्रत्येक आधाराला छोटी बेअरिंग. खऱ्या इंजिनातही मुख्य बेअरिंग पाचच असतात.

आता कळ दाबली, की गती त्याच वाटेने गाभ्यापर्यंत जाते आणि पंखा स्वस्थ बसतो. पाहुण्यांची निराशा होते. मग मी टेबलफॅन आणून समोर ठेवते. पंखा, त्यामागच्या तीन स्टेज आणि पार मागच्या चार स्टेज एकदम फिरू लागतात, आणि मधला गाभा जागचा हलत नाही. दोन शाफ्ट म्हणजे काय, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही एवढ्यावर समजतं. खऱ्या विमानाचा पंखा उभ्या-उभ्या वाऱ्याने फिरतो तोही असाच. जवळ उभं राहिलं तर टकटक आवाज येतो, कारण पाती आपल्या खाचेत किंचित सैल असतात आणि वेग घेतल्यावरच घट्ट बसतात. मॉडेलमध्ये मी पाती चिकटवत नाही. खाचेत सैल ठेवते. टकटक येते.

टेबलफॅनचा आणखी एक उपयोग. सीएफएम५६ मागून पाहिलं असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. छापताना फाइल आरशातल्यासारखी उलटी झाली, तर पात्याचा पीळ उलटा येतो आणि नुसत्या डोळ्यांना ते पटकन कळत नाही. टेबलफॅनपुढे धरा, पंखा भलतीकडे फिरला की चूक पकडली गेली. मोटरवाल्या मॉडेलमध्ये अशी चूक वर्षानुवर्षं लपून राहते. कधी मोटरच्या तारा उलट जोडलेल्या असतात, आणि इंजिन ऐटीत पुढच्या दिशेने हवा फेकत असतं.

रंगाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त मॉडेलं तिथेच बिघडतात. क्रोमसारखी झगझगीत चांदी! संच विकणारे तशीच पाठवतात आणि घेणारे तशीच ठेवतात. जेट इंजिनात आरशासारखं चमकणारं जवळजवळ काही नसतं. ७बी ची पुढची पाती टायटॅनियमची, रंग थंड राखाडी. कंप्रेसरमध्ये मागे मागे जाताना हवा दाबली जाते, तापते, टायटॅनियमला ते सोसवत नाही म्हणून निकेलच्या मिश्रधातू येतात, आणि राखाडीत पिवळसर ऊब मिसळू लागते. ज्वलनकक्ष वापरलेल्या इंजिनात तपकिरी. त्याच्या लगेच मागची टर्बाइनची पाती तर चांदीच्या जवळपासही नसतात. त्यांच्यावर झिर्कोनियाचा उष्णतारोधक लेप असतो, त्याचा रंग सायीसारखा. एका इंजिनात पुढून मागे नुसता रंग पाहत गेलं, तरी तापमानाचा आलेख वाचता आला पाहिजे.

माझी पद्धत जुनीच आहे. आधी चकचकीत काळा थर, तो घोटून, त्यावर एअरब्रशने धातूच्या लॅकरचे अगदी पातळ हात. अल्क्लॅड नावाचे लॅकर यासाठी प्रसिद्ध आहेत. ते नसतील, तर मॅट काळ्यावर मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासा. कंप्रेसरच्या पात्यांना याच्याइतका चांगला रंग बाटलीतून मिळत नाही. पेन्सिलीची पूड हाताळल्यावर जाते, म्हणून तिच्यावर पारदर्शक मॅटचा एक हलका हात द्यायला विसरू नका.

तापलेल्या धातूवर उमटणाऱ्या रंगांचा या छंदात अतिरेक झाला आहे. निळं, जांभळं, सोनेरी असं सगळं एका नळकांड्यावर, जत्रेतल्यासारखं. हे रंग म्हणजे धातूवर चढलेला ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. पापुद्रा जितका जाड, तितका रंग पुढचा. क्रम ठरलेला आहे, आधी गवती पिवळा, मग तपकिरी-जांभळा, मग निळा. तेव्हा सर्वांत तापलेल्या जागेजवळ निळा आणि लांब जाताना पिवळा. बुलेटचं सायलेन्सर इंजिनाला जिथे जोडलेलं असतं, तिथे वाकून पाहा, क्रम लक्षात राहील. मी जे लावते ते पाहणाऱ्याला ‘रंग लावलाय’ असं कळू नये इतकं फिकं.

नळ्यांचं काम वेळखाऊ, पण त्याला फारशी अक्कल लागत नाही, शिस्त लागते. खरी सेंटीमीटर जाडीची नळी १:१० मध्ये मिलिमीटरची होते, म्हणजे १९ गेजची तांब्याची तार. ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. नळ्या एकमेकींना टेकत नाहीत, कोपऱ्यात मोडल्यासारख्या वळत नाहीत, आणि थोड्या थोड्या अंतरावर चिमट्याने आवरणाला बांधलेल्या असतात. चिमटे मी शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून कापते. इंधनाच्या नळीवर लाल पट्टा, वंगणाच्या नळीवर पिवळा. ज्वलनकक्षाभोवती २० इंधन-नोझलं असतात, ती मोजून २० च बसवावीत. मुंबईत पितळी नळ्या, बारीक स्क्रू आणि बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, मोटर आणि तारांसाठी लॅमिंग्टन रोड. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली. नागदेवीतला एक दुकानदार दर वेळी विचारतो, “ताई, एवढुशा बेअरिंगचं करता काय?” मी मोबाइलवर फोटो दाखवला, तर म्हणाला, “आणि हे उडत नाही?”

कुठे थांबायचं, हे प्रमाणावरून ठरवावं. खऱ्या इंजिनात बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना पिळाची तार बांधतात. ती साधारण ०.८ मिलिमीटर जाड असते. १:१० मध्ये ती केसाइतकी होईल. हौशी मंडळींना मोह आवरत नाही, ते हाताला लागेल ती तार पिळून बांधतात, आणि मग दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच दिसावा तसं होतं. किल्ल्यावर ते शोभतं. इंजिनावर नाही. जे प्रमाणात करता येत नाही ते सरळ गाळावं, असं माझं मत आहे. पात्यांच्या जाडीबाबत मात्र तडजोड अटळ आहे. खऱ्या कंप्रेसरच्या पात्याची मागची कड दहापट लहान केली, तर ती छापायच्या रेझिनमध्ये टिकत नाही. मी कडा कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने उतरत्या करून घेते, म्हणजे समोरून तरी पातं पातळ दिसतं.

एका तपशिलासाठी मी वाटेल तेवढा वेळ द्यायला तयार असते. कंप्रेसरच्या बाहेरच्या अंगाला कड्यांवर ओळीने बसलेल्या छोट्या तरफा. जास्त दाबाच्या कंप्रेसरच्या तोंडाशी असलेली आणि पहिल्या तीन स्टेजची स्थिर पाती खरं तर पूर्ण स्थिर नसतात. इंजिनाच्या वेगानुसार ती आपल्या जागी वळतात, म्हणजे कमी वेगात हवा अडखळून उलटी फिरत नाही. ही युक्ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेर्हार्ड नॉयमान यांनी १९५० च्या दशकात जे७९ इंजिनात यशस्वी केली. तेच इंजिन पुढे स्टारफायटर आणि फँटम विमानांना लागलं. प्रत्येक पात्याला एक तरफ, एका स्टेजच्या सगळ्या तरफा एका कड्याला, आणि कडी एका दट्ट्याला. माझ्या मॉडेलमध्ये कडं बोटाने सरकवलं, की ओळीतली सगळी पाती एकदम वळतात. संचात तिथे नुसत्या उंचवट्यांची एक रांग होती.

मग इंजिन कापायचं. आतलं दाखवायचं तर काही काढावं लागतंच, आणि हौशी माणसाला स्वतः चिकटवलेलं कापवत नाही. मी गिअरबॉक्सच्या समोरच्या बाजूचा, वरचा पाव भाग सोनाराच्या करवतीने काढते, कापलेल्या कडांना लाल रंग देते. प्रशिक्षण केंद्रातल्या कापलेल्या इंजिनांच्या कडा लाल असतात. तो रंग सांगतो, की ही कड इंजिनाची नाही, कापणाऱ्याची आहे.

मोठ्या प्रकल्पांची नावं ऐकून दडपून जायचं कारण नाही. २०१२ मध्ये फार्नबरोच्या विमान प्रदर्शनात रोल्स-रॉइसने लेगोच्या १,५२,४५५ विटांचं ट्रेंट १००० उभं केलं होतं. ते जाहिरातीचं काम होतं, चांगलं होतं. मला जास्त आवडतो तो लुका आयाकोनी-स्ट्युअर्ट या अमेरिकन तरुणाचा प्रकार. त्याने कचेरीतल्या मनिला फोल्डरचा कागद कापून १:६० प्रमाणाचं बोइंग ७७७ केलं, आणि तेही एअर इंडियाचं. त्याच्या जीई-९० इंजिनांतही पाती कागदाचीच. महाग साहित्याशिवाय हा छंद होत नाही म्हणणाऱ्यांना मी त्या विमानाची छायाचित्रं पाहायला सांगते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन शाफ्टच्या फंदात पडू नये. फ्रँक व्हिटल यांचं डब्ल्यू-१, ज्यावर १५ मे १९४१ रोजी ग्लॉस्टरचं विमान उडालं, ते आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. एक शाफ्ट, एका टोकाला दोन्ही बाजूंनी पाती असलेली चकती, दुसऱ्या टोकाला एक टर्बाइन, भोवती १० ज्वलनकक्ष. किंवा आपलं म्हणता येईल असं हवं असेल, तर ऑर्फियस. ब्रिस्टलमध्ये स्टॅनली हूकर यांनी घडवलेलं हे इंजिन पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलं. नॅट आणि मारुत या विमानांत तेच होतं. कंप्रेसरच्या ७ स्टेज, टर्बाइनची एक, मध्ये जाड पोकळ शाफ्ट आणि फक्त दोन बेअरिंग. इतकं सुटसुटीत इंजिन शोधून सापडायचं नाही. यात सगळं खरोखरच एका वेगाने फिरतं, तेव्हा मोटर लावायचीच असेल, तर इथे खुशाल लावा.

अडचण आहे ती संदर्भाची. पुस्तकातल्या चित्रात इंजिनाची एक बाजू दिसते, दुसरी अंदाजाने करावी लागते. चाकणला जीईच्या कारखान्यात नव्या इंजिनांचे भाग बनतात, नागपूरच्या मिहानमध्ये विमानांची देखभाल होते, पण तिथे वाट्टेल त्याला आत सोडत नाहीत आणि सोडूही नये. मात्र आपल्याकडच्या काही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि विमान देखभालीचं शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या आवारात सेवेतून काढलेली जुनी इंजिनं आहेत. कुठे पत्र्याच्या छपराखाली, कुठे कुलूपबंद खोलीत. त्यांच्यात गुपित असं काही उरलेलं नाही. त्या संस्थांच्या प्राचार्यांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस ती कुलपं काढा, मुलांना आणि आमच्यासारख्या हौशी माणसांना मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन आत येऊ द्या, आणि पंखा हाताने फिरवू द्या. देखरेखीला माणूस कमी पडत असेल, तर मी येईन.